फंक्शनल भाषेत त्या २३ पॅटर्नचं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा: जावात बरीच वर्षं काम झालंय, स्ट्रॅटेजी, व्हिजिटर, स्टेट, ऑब्झर्व्हर हे डिझाइन पॅटर्न, म्हणजे नेहमी येणाऱ्या अडचणींवरच्या ठरलेल्या रचना, रोजच्या वापरातले. आता टीम स्काला या फंक्शनल शैलीला धरून असलेल्या भाषेकडे वळतेय आणि तिथली मंडळी सांगतात, 'फंक्शनलमध्ये पॅटर्न लागतच नाहीत, सगळं फंक्शननेच भागतं.' मग आजवर शिकलेलं वाया गेलं का? आणि नसेल, तर कोणत्या पॅटर्नऐवजी काय वापरायचं याचा तक्ता कुठे मिळेल?

वाया काहीच गेलेलं नाही. तक्ता मात्र मी मुद्दामच देत नाही. डावीकडे पॅटर्नची नावं आणि उजवीकडे 'फंक्शन', 'फंक्शन', 'फंक्शन' असे तक्ते पुष्कळ फिरतात, आणि जो निर्णय तुम्हाला खरोखर घ्यायचा असतो तोच नेमका त्यात दिसत नाही. तो निर्णय असा. क्लास लिहिताना आपण दोन गोष्टी एकत्र बांधतो: चालवता येणारं वर्तन आणि वाचता येणारी माहिती. कमांडचा ऑब्जेक्ट, म्हणजे एखादं काम गुंडाळून ठेवलेला ऑब्जेक्ट, चालवताही येतो आणि त्याचे फील्ड वाचून लॉगमध्ये लिहिताही येतात. फंक्शनल शैलीत या दोन गोष्टी सुट्या होतात. फंक्शन चालवता येतं, पण त्याच्या आत काय आहे ते त्याला विचारता येत नाही. डेटा हवा तसा न्याहाळता येतो, साठवता येतो, पण तो आपणहून काही करत नाही. म्हणून प्रत्येक पॅटर्नपाशी थांबून एकच विचारायचं: ही गोष्ट मला फक्त चालवायची आहे, की तिच्याकडे बघायचंही आहे? फक्त चालवायची असेल तर फंक्शन. बघायचंही असेल तर डेटा, आणि तो डेटा चालवणारं एक वेगळं फंक्शन.

आधी 'पॅटर्न लागतच नाहीत' या दाव्याचा निकाल लावू. एरिक गॅमा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्हलिसाइड्स यांचं २३ पॅटर्नचं पुस्तक १९९४ साली आलं. त्यातली उदाहरणं सी++ आणि स्मॉलटॉकमधली होती. स्मॉलटॉकमध्ये ब्लॉक होते, म्हणजे आज आपण ज्यांना क्लोजर म्हणतो ते: भोवतालची व्हेरिएबल्स पकडून ठेवणारी, व्हॅल्यूसारखी पाठवता येणारी फंक्शनं. सी++ला लॅम्डा, म्हणजे जागच्या जागी लिहायचं बिननावाचं फंक्शन, मिळायला २०११ उजाडलं आणि जावाला २०१४. मधल्या काळात जावात जे पॅटर्न आपण शिकलो, त्यांचा बराचसा आकार भाषेत काय नव्हतं यावरून ठरलेला होता. एक फंक्शन पाठवायचं म्हटलं तरी इंटरफेस, त्याचा क्लास, त्याचा कन्स्ट्रक्टर असा सगळा सरंजाम उभा करावा लागायचा.

पीटर नॉर्विग यांनी १९९६ मध्ये हे २३ पॅटर्न लिस्प आणि डिलन या डायनॅमिक भाषांच्या नजरेतून तपासले आणि दाखवलं की त्यातले १६ तिथे एकतर दिसेनासे होतात किंवा सोपे होतात. हा आकडा सगळे सांगतात. त्यांनी केलेली विभागणी मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्या १६ पैकी फर्स्ट-क्लास फंक्शनच्या (व्हॅल्यूसारखं पाठवता येणाऱ्या फंक्शनच्या) खात्यावर फक्त ४ आहेत: कमांड, स्ट्रॅटेजी, टेम्प्लेट मेथड आणि व्हिजिटर. टाइप हीच एक व्हॅल्यू असल्यामुळे सुटणारे ६ आहेत, आणि उरलेले मॅक्रो, मल्टिमेथड, मॉड्यूल वगैरे सोयींमुळे. म्हणजे 'सगळं फंक्शननेच भागतं' या वाक्याला त्या मांडणीचाही आधार नाही. वेगवेगळे पॅटर्न वेगवेगळ्या कारणांनी विरघळतात, आणि कोणता कशामुळे विरघळला हे कळलं तरच त्याच्या जागी काय ठेवायचं ते कळतं.

खरोखर विरघळणारे पटकन सांगून टाकतो. स्ट्रॅटेजी म्हणजे पॅरामीटर म्हणून दिलेलं फंक्शन. तुम्ही हे करतच होता: जावात लिस्ट सॉर्ट करताना दिलेला कंपॅरेटर ही स्ट्रॅटेजीच. टेम्प्लेट मेथड म्हणजे ज्याच्यात काही पायऱ्या बाहेरून फंक्शन म्हणून येतात असं फंक्शन. यात इनहेरिटन्स गळून पडतो आणि त्याबरोबर 'सुपरला आधी कॉल करायचा की नंतर' ही कटकटही. फॅक्टरी मेथड म्हणजे ऑब्जेक्ट बनवून देणारं फंक्शन. अ‍ॅडॉप्टर म्हणजे दोन फंक्शनांच्या मध्ये बसवलेलं तिसरं. इटरेटर तर आता बहुतेक भाषांच्या लायब्ररीत मॅप, फिल्टर, फोल्ड (एकेक घटक घेत एक निकाल जमवणं) या रूपात आहे. सिंगलटन म्हणजे मॉड्यूलमधली एक व्हॅल्यू, आणि ती बदलणारी नसेल तर तिच्याबद्दलचे निम्मे वाद तिथेच संपतात.

पण या सोप्या गटातही एका ठिकाणी जपा. इंटरफेसला नाव असतं, फंक्शनला नुसता टाइप. एकाच मेथडला (ऑर्डर → रक्कम) या एकाच टाइपची तीन फंक्शनं पॅरामीटर म्हणून दिलीत, एक सवलतीचं, एक कराचं, एक पोच खर्चाचं, तर त्यांची अदलाबदल झाल्याचं कंपायलर सांगणार नाही. तिथे टाइपला स्वतंत्र नाव द्या. शिवाय काही स्ट्रॅटेजींमध्ये दोन-तीन मेथड एकमेकींशी जुळलेल्याच असाव्या लागतात: एन्कोड आणि डिकोड, किंवा बरोबरी तपासणं आणि हॅश काढणं. ही जोडी सुटी करून दोन वेगळी फंक्शनं फिरवू नका; एकाचं एन्कोड आणि दुसऱ्याचं डिकोड असं कधीतरी कुणीतरी एकत्र देणारच. फंक्शनांचा एक रेकॉर्ड करा, नाहीतर टाइपक्लास वापरा, म्हणजे एखाद्या टाइपला कोणती फंक्शनं असायला हवीत याचा करार; त्या टाइपसाठी तो पुरा करणारी फंक्शनं म्हणजे त्याचा इन्स्टन्स. टाइपक्लास ही कल्पना फिलिप वॉडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी १९८९ मध्ये मांडली. तिची हॅस्केलमधली अट अशी की एका टाइपला एकच इन्स्टन्स. त्यामुळे 'चढता क्रम' आणि 'उतरता क्रम' अशा दोन स्ट्रॅटेजी एकाच टाइपवर हव्या असतील तर टाइपभोवती वेगळं वेष्टन घालावं लागतं. स्काला इथे सैल आहे, एकाच टाइपचे दोन इन्स्टन्स वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतात. ही सोय वापरताना कोणता इन्स्टन्स नेमका कुठून आला हे शोधायची तयारी ठेवा.

डेकोरेटर हा फंक्शन घेऊन फंक्शन देणारं फंक्शन होतो. लॉगिंग, पुन्हा प्रयत्न, कॅश ही सगळी एकावर एक चढवता येतात. क्रम मात्र तुम्हीच ठरवायचा. 'पुन्हा प्रयत्न' बाहेर आणि लॉग आत असेल तर प्रत्येक फसलेला प्रयत्न लॉगमध्ये येतो. उलट असेल तर शेवटचा निकाल तेवढा येतो. हे क्लासमध्येही तसंच होतं, पण तिथे कन्स्ट्रक्टरच्या ओळी वाचून लक्षात यायचं, इथे फंक्शन जोडण्याच्या एका ओळीत ते दडून जातं. आणखी एक: मूळ इंटरफेसमध्ये पाच-सहा मेथड असतील तर हे इतकं सुबक राहत नाही, प्रत्येक फंक्शन वेगळं गुंडाळावं लागतं. अशा वेळी तो इंटरफेसच फार मोठा झालाय का, हे आधी बघा.

आता कमांड. 'फक्त चालवायचं की बघायचंही' हा प्रश्न सगळ्यात स्वच्छ इथेच दिसतो. तक्ते सांगतात, कमांड म्हणजे शून्य पॅरामीटरचं फंक्शन. बटण दाबल्यावर काय करायचं एवढंच असेल तर अगदी बरोबर. पण कमांड पॅटर्न लोकांनी कशासाठी वापरला ते आठवा: अनडू करण्यासाठी, रांगेत लावण्यासाठी, लॉग ठेवण्यासाठी, नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला पाठवण्यासाठी. क्लोजर यातलं काय करू शकतं? रांगेत लागू शकतं. 'तू काय करणार आहेस?' या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही. दोन क्लोजर सारखी आहेत का हे तपासता येत नाही, त्यामुळे टेस्टमध्ये 'योग्य कमांड तयार झाली' एवढं साधं विधानही करता येत नाही. ती चालवून परिणामच बघावा लागतो. साठवण्याचं म्हणाल तर जेव्हीएमवर (जावा आणि स्काला जिच्यावर चालतात त्या व्हर्च्युअल मशीनवर) क्लोजर सीरियलाइझ होऊ शकतात, अपाचे स्पार्क तेच करतं, पण दोन्ही टोकांना तोच कोड असेल तेव्हाच. आज डेटाबेसमध्ये ठेवलेलं क्लोजर सहा महिन्यांनी, चार रिलीजनंतर उघडायची योजना करू नका.

म्हणून अशा ठिकाणी कमांड डेटा म्हणून लिहायची:

```
प्रकार कमांड =
    | वस्तूजोड(वस्तू, नग)
    | वस्तूकाढ(वस्तू)
    | कूपनलाव(कोड)

चालव(कमांड, टोपली) → टोपली
```

ही युक्ती फार जुनी आहे. जॉन रेनॉल्ड्स यांनी १९७२ मध्ये दाखवलं की ज्या प्रोग्रॅममध्ये फंक्शनं व्हॅल्यू म्हणून फिरतात, तो पद्धतशीरपणे असा बदलता येतो की त्या फंक्शनांच्या जागी साधा डेटा येतो आणि तो डेटा चालवणारं एक मध्यवर्ती फंक्शन उरतं. याला डीफंक्शनलायझेशन म्हणतात. त्यासाठी अट एकच: किती प्रकारची फंक्शनं येऊ शकतात हे आधी माहीत हवं. वरच्या 'कमांड'कडे त्या नजरेने बघा. तीन पर्याय म्हणजे तीन संभाव्य क्लोजर, कंसातल्या गोष्टी म्हणजे त्या क्लोजरनी पकडून ठेवलेली व्हेरिएबल्स, आणि 'चालव' हे मध्यवर्ती फंक्शन. कमांड पॅटर्नमध्ये तुम्ही क्लास लिहून नेमकं हेच करत होता, फक्त 'चालव'चे तुकडे प्रत्येक क्लासमध्ये वाटलेले असायचे.

अनडूची गोष्ट तर याहून सोपी होते. जावात आपण प्रत्येक कमांडची उलटी कमांड लिहायचो, किंवा मेमेंटो म्हणून आतल्या स्थितीची प्रत काढून ठेवायचो. टोपलीच न बदलणारी असेल तर जुनी टोपली ही आपोआपच मेमेंटो असते. जुन्या टोपल्यांची लिस्ट ठेवली की अनडू झालं. 'एवढ्या प्रती म्हणजे मेमरी संपेल' ही शंका रास्त आहे, पण स्काला किंवा क्लोजर (Clojure नावाची भाषा, वरची क्लोजर नव्हेत) यांसारख्या भाषांतली कलेक्शन्स पूर्ण प्रत काढत नाहीत. त्यांचा व्हेक्टर ३२-३२ फांद्यांच्या झाडासारखा रचलेला असतो. एक घटक बदलला की मुळापासून त्या घटकापर्यंतचे मोजके नोड नवे बनतात आणि बाकी झाड जुनी-नवी आवृत्ती वाटून घेतात. जे बाहेरच्या जगात घडून गेलं, पाठवलेला ईमेल किंवा झालेलं पेमेंट, ते मात्र जुनी टोपली आणून परत येत नाही. त्यासाठी भरपाईची वेगळी कमांड लागतेच, भाषा कोणतीही असो.

इंटरप्रिटर, काँपोझिट आणि व्हिजिटर हे तीन एकत्रच घेतो, कारण प्रत्यक्षात ते एकत्रच भेटतात. समजा, सवलत कोणाला द्यायची याचे नियम आहेत. पहिला विचार असा येतो की नियम म्हणजे (ऑर्डर → हो/नाही) असं फंक्शन, आणि 'आणि', 'किंवा' ही फंक्शनं जोडणारी फंक्शनं. पाच ओळींत काम होतं, दिसायला सुंदर. मग मागणी येते की नियम अ‍ॅडमिनला स्क्रीनवर वाचता आला पाहिजे. मग तो डेटाबेसमध्ये ठेवायचा असतो. मग 'मला सवलत का मिळाली नाही?' याचं उत्तर ग्राहकाला द्यायचं असतं. फंक्शन यातलं काहीच करू देत नाही. म्हणजे इथे 'बघायचंही आहे':

```
प्रकार नियम =
    | किमानरक्कम(रक्कम)
    | जुनाग्राहक
    | आणि(नियम, नियम)
    | किंवा(नियम, नियम)
    | नाही(नियम)

लागू(नियम, ऑर्डर) = नियम जुळव
    किमानरक्कम(र)  → ऑर्डर.एकूण ≥ र
    जुनाग्राहक       → ऑर्डर.ग्राहक.जुना
    आणि(क, ख)     → लागू(क, ऑर्डर) आणि लागू(ख, ऑर्डर)
    किंवा(क, ख)     → लागू(क, ऑर्डर) किंवा लागू(ख, ऑर्डर)
    नाही(क)         → लागू(क, ऑर्डर) उलट
```

पहिला भाग हा काँपोझिट: पानं आणि फांद्या, दोघांचा टाइप एकच. दुसरा भाग हा इंटरप्रिटर. आणि 'वर्णन(नियम)', 'साठव(नियम)', 'का_नाही(नियम, ऑर्डर)' ही पुढची फंक्शनं म्हणजे एकेक व्हिजिटर. अ‍ॅक्सेप्ट आणि व्हिजिट यांची ती दुहेरी उडी कुठे गेली? ती भाषेने गिळली. व्हिजिटर हा मुळात 'या टाइपचे इतकेच पर्याय आहेत आणि प्रत्येकासाठी काय करायचं ते मी एका जागी लिहितो' हे म्हणण्याचा मार्ग आहे. ज्या भाषेत हे सरळ म्हणता येत नव्हतं तिथे ते मेथड-डिस्पॅचमधून म्हणवून घ्यावं लागलं. स्कालात सील्ड ट्रेट (ज्याचे सगळे पर्याय एकाच फाइलमध्ये लिहावे लागतात असा इंटरफेस) किंवा आवृत्ती ३ मधला ईनम आणि मॅच एवढं पुरतं. जावानेही २०२१ मध्ये आवृत्ती १७ मध्ये सील्ड क्लास आणि २०२३ मध्ये आवृत्ती २१ मध्ये स्विचचं पॅटर्न मॅचिंग पक्कं केलं, त्यामुळे तिथेही नवा व्हिजिटर लिहिण्याचं कारण आता क्वचितच उरतं.

नवा पर्याय घातल्यावर कुठला मॅच अपुरा राहिला हे कंपायलर दाखवतो, हा यातला खरा फायदा. पण स्कालात डीफॉल्टने ही फक्त वॉर्निंग असते. वॉर्निंगला एरर मानणारा कंपायलरचा पर्याय पहिल्याच दिवशी चालू करा. आणि मॅचच्या शेवटी 'बाकी सगळ्यांसाठी हे' अशी सरसकट ओळ टाकायचा मोह आवरा, कारण ती टाकली की ही तपासणी तिथल्यापुरती बंदच पडते.

या मांडणीची किंमतही आहे. तिला एक्स्प्रेशन प्रॉब्लेम म्हणतात. हे नाव वॉडलर यांनी १९९८ मध्ये दिलं. डेटा आणि मॅच या मांडणीत नवं फंक्शन घालणं स्वस्त, पण नवा पर्याय घातला की सगळ्या फंक्शनांना हात लावावा लागतो. क्लास आणि इंटरफेस या मांडणीत नवा क्लास घालणं स्वस्त, पण नवी मेथड घातली की सगळ्या क्लासना हात लावावा लागतो. नियमांच्या बाबतीत पर्याय मोजके आणि स्थिर असतात, त्यांच्यावरची कामं वाढत जातात, म्हणून डेटा. पण समजा तुम्ही पेमेंटच्या वेगवेगळ्या पद्धती जोडायची लायब्ररी लिहिताय आणि नव्या पद्धती दुसरेच लोक, तुमचा कोड न बदलता घालणार आहेत. तिथे इंटरफेसच योग्य. स्कालात आलो म्हणून तो मोडून सील्ड ट्रेट करणं म्हणजे त्या लोकांचं दार बंद करणं.

स्टेट पॅटर्नला याच नजरेने बघितलं की त्यातून आणखी काहीतरी जास्तच मिळतं. मूळ पॅटर्नमध्ये प्रत्येक स्थितीचा क्लास असतो, सगळ्यांचा इंटरफेस एक, आणि जी मेथड त्या स्थितीत चालत नाही तिथे एक्सेप्शन फेकायचं. म्हणजे चुकीचा कॉल लिहिता येतो, तो चालवल्यावर कळतं. डेटा म्हणून लिहिलं तर प्रत्येक स्थितीत जी माहिती असायलाच हवी तेवढीच तिच्यात ठेवता येते:

```
प्रकार ऑर्डर =
    | कच्ची(वस्तू)
    | पैसेभरलेली(वस्तू, पावती)
    | पाठवलेली(वस्तू, पावती, ट्रॅकिंगक्रमांक)
    | रद्द(कारण)

पाठव(पैसेभरलेली, ट्रॅकिंगक्रमांक) → पाठवलेली
```

पावतीशिवाय पाठवलेली ऑर्डर इथे बनवताच येत नाही. 'पावती नल आहे का' हा चेक कुठेच लागत नाही, आणि कच्ची ऑर्डर 'पाठव'ला दिली तर कोड कंपाइलच होत नाही. मला विचाराल तर फंक्शनल शैलीकडे वळण्याचं सगळ्यात सबळ कारण मोनॅड-बिनॅड नसून हे आहे. एका जुन्या क्लासमध्ये 'स्थिती' नावाचा एक ईनम आणि सात-आठ नल होऊ शकणारे फील्ड असतील, तर त्याला असा टाइप दिल्यावर किती चेक काढून टाकता येतात ते स्वतः करून बघा.

याच्याच पुढची पायरी म्हणजे (स्थिती, घटना) → स्थिती असं एकच फंक्शन लिहिणं. घटनांची लिस्ट घेऊन त्यावर फोल्ड केला की आजची स्थिती मिळते. इव्हेंट सोर्सिंगचं (स्थितीऐवजी घडलेल्या घटनाच साठवण्याचं) सारं गणित एवढंच, आणि फ्रंटएंडवाल्यांचा रिड्यूसरही हाच. बदलणारी स्थिती मग प्रत्यक्षात राहते कुठे? कुठेतरी राहतेच, डेटाबेसमध्ये, एका अ‍ॅटॉमिक रेफरन्समध्ये, किंवा एर्लांगसारख्या भाषेत एखाद्या प्रोसेसच्या रिकर्सिव्ह लूपच्या पॅरामीटरमध्ये. फरक इतकाच की ती एका ठरलेल्या जागी असते, प्रत्येक ऑब्जेक्टच्या पोटात विखुरलेली नसते.

ऑब्झर्व्हर हा या सगळ्यातला अवघड. त्याला सरळ पर्याय आहे असं जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. त्याचा मूळ हेतूच 'काहीतरी बदललं, सगळ्यांना कळवा' हा, आणि फंक्शनल शैली तर बदलालाच कोपऱ्यात ढकलते. कॉनल एलियट आणि पॉल ह्युडाक यांनी १९९७ मध्ये फंक्शनल रिअ‍ॅक्टिव्ह प्रोग्रॅमिंगची मांडणी केली: वेळेनुसार बदलणारी व्हॅल्यू आणि घटनांचा प्रवाह यांनाच व्हॅल्यू मानायचं आणि त्यांच्यावर मॅप-फिल्टर करायचं. कल्पना देखणी आहे, पण मोठ्या प्रोग्रॅममध्ये ती पेलणं सोपं नाही. एल्म ही भाषा याच पायावर सुरू झाली आणि २०१६ मध्ये आवृत्ती ०.१७ मध्ये तिने सिग्नल, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या त्या व्हॅल्यू, काढून टाकून साध्या सबस्क्रिप्शनचा रस्ता धरला.

व्यवहारात मी दोन वेगळ्या परिस्थिती वेगळ्या करतो. एकाच कामाचा भाग म्हणून इतरांना कळवायचं असेल, जसं ऑर्डर निघाली की ईमेल जावा आणि साठा कमी व्हावा, तर ऑब्झर्व्हर लागतच नाही. 'पाठव' हे फंक्शन नवी ऑर्डर आणि घडलेल्या घटनांची लिस्ट असं दोन्ही परत देतं, आणि कडेला बसलेला कोड ती लिस्ट वाचून काय करायचं ते करतो. कोण आधी, कोण नंतर, एक फसला तर दुसऱ्याचं काय, हे सगळं एका जागी डोळ्यांसमोर असतं. ऑब्झर्व्हरमध्ये हेच प्रश्न रजिस्टर होण्याच्या क्रमात दडलेले असायचे. दुसरी परिस्थिती म्हणजे खरोखरच सतत वाहणारा प्रवाह: सेन्सर, बाजारभाव, माउसच्या हालचाली. तिथे एफएस२, अक्का स्ट्रीम्ससारखी स्ट्रीम लायब्ररी घ्या. तिथे तुम्हाला हवी असते ती मुख्यतः एकच गोष्ट, वाचणारा हळू असेल तर लिहिणाऱ्याला थांबवण्याची सोय, म्हणजे बॅकप्रेशर. ती हाताने लिहायला जाऊ नका.

डिपेंडन्सी इंजेक्शन, म्हणजे कोडला लागणाऱ्या गोष्टी बाहेरून पुरवणं, २३ मध्ये नाही, पण जावातून येणारा प्रत्येकजण ते विचारतोच. उत्तर दोन पायऱ्यांचं. पहिली सोपी: डिपेंडन्सी म्हणजे पॅरामीटर, काही पॅरामीटर आधी भरून ठेवले की कन्स्ट्रक्टर इंजेक्शन झालंच. दुसरी पायरी जास्त महत्त्वाची. डेटाबेस, घड्याळ, मेल सर्व्हर हे आत पाठवायची गरज का पडते? कारण निर्णय आणि कृती एकाच फंक्शनमध्ये असतात. निर्णयाचं फंक्शन आवश्यक माहिती घेऊन 'काय करायचं' हे डेटा म्हणून परत देत असेल, तर त्याला डेटाबेस लागतच नाही आणि त्याच्या टेस्टला मॉक (डेटाबेस वगैरेची खोटी प्रतिकृती) लागत नाही. वाचणं आधी, लिहिणं नंतर, मध्ये शुद्ध निर्णय. जिथे निर्णयाच्या मध्येच पुन्हा वाचावं लागतं तिथे हे ताणू नका, सरळ फंक्शनांचा रेकॉर्ड किंवा ट्रेट पाठवा.

आणि फंक्शनल जगाचे स्वतःचेही पॅटर्न आहेत, ते नवे शिकावे लागतील. मोनॉइड, म्हणजे एकत्र करता येणाऱ्या आणि एक रिकामी व्हॅल्यू असलेल्या गोष्टी, हा सगळ्यात आधी शिका. बेरीज, लिस्ट, वरचे सवलतीचे नियम, सगळीकडे तो सापडेल. नल ऑब्जेक्टच्या जागी ऑप्शन ('व्हॅल्यू आहे किंवा नाही') येतो, आणि एक्सेप्शनच्या जागी ईदर ('चूक किंवा उत्तर'). मोनॅड आणि अ‍ॅप्लिकेटिव्ह यांतला फरक पुस्तकी वाटतो, पण एका फॉर्मवर तो लगेच कळतो. ईदर मोनॅड म्हणून वापरला तर पहिल्या चुकीपाशी गाडी थांबते, कारण पुढची पायरी आधीच्या उत्तरावर अवलंबून असू शकते. अ‍ॅप्लिकेटिव्ह पद्धतीने तपासलं तर प्रत्येक फील्ड स्वतंत्र असतं आणि सगळ्या चुका एकदम गोळा करून वापरणाऱ्याला दाखवता येतात. स्कालाच्या कॅट्स लायब्ररीत यासाठी व्हॅलिडेटेड हा वेगळा टाइप आहे. जावातल्या पॅटर्नपेक्षा यांच्यात एक मोठा फरक असा की यांना नियम आहेत, आणि ते नियम टेस्टमध्ये हजारो यादृच्छिक व्हॅल्यू टाकून तपासता येतात. 'माझा व्हिजिटर बरोबर व्हिजिटर आहे का' हे असं कधीच तपासता येत नव्हतं.

सुरुवात कुठून करायची, तर एक मेथड असलेल्या इंटरफेसपासून; ते बहुतेक स्ट्रॅटेजी किंवा फॅक्टरी निघतील आणि फंक्शन होऊन जातील. मग ज्या क्लासमध्ये स्थितीचा ईनम आणि नल फील्ड आहेत ते घ्या. व्हिजिटर त्यानंतर, आणि तेही फक्त ज्यांचे पर्याय तुमच्याच टीमच्या हातात आहेत ते. ऑब्झर्व्हर सगळ्यात शेवटी, प्रत्येक ठिकाणी तो काम आहे की प्रवाह आहे हे ठरवून. कनेक्शन पूल, कॅश, फाइल हँडल, बाहेरच्यांनी लिहायचे प्लगइन यांना हात लावू नका. त्यांच्या आत काय आहे हे कुणी बघूच नये अशीच त्यांची रचना असते, आणि त्यासाठी ऑब्जेक्टच हवा. स्कालात ट्रेट आणि क्लास त्यासाठीच आहेत. ते वापरले म्हणून तुमचा कोड कमी फंक्शनल होत नाही.